एक चालू, एक राखीव

प्रिय मेहुणेराव यांस,

भावोजींचे भरपूर आशीर्वाद. (एकदाच वाचलेत तरी पुरे, प्रत काढून ठेवायची गरज नाही. असं का म्हणतो ते पुढे कळेल.) इकडे सगळं ठीक आहे. तुमची ताई ठीक, तिचा गुडघा जेवढा ठीक असायचा तेवढा ठीक, आणि माझा रक्तदाब माझ्यापेक्षा शिस्तीत आहे. तुमची तब्येत कशी आहे? मागे पाठवलेल्या फोटोत तुमचं पोट तुमच्या आधी फोटोत आलेलं मला दिसलं. ताईला मात्र तुम्ही वाळलेले दिसलात आणि तिनं ते दोन दिवस मला ऐकवलं. बहिणीच्या नजरेला चष्मा लागत नाही म्हणतात ते खरं असावं.

फोनवर तुम्ही विचारलंत की लॅपटॉप एवढा संथ कशानं झाला होता आणि आपोआप बरा कसा झाला. त्यातल्या ‘आपोआप’ या शब्दाबद्दल मी तुम्हाला माफ केलं आहे. पण उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. फोनवर माझं एक वाक्य झालं की तुम्ही “भावोजी, एक मिनिट हं” म्हणता आणि ते मिनिट दुसऱ्याच कुणालातरी देऊन टाकता. पत्रात मधे तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र. हातानं लिहितोय, कारण लॅपटॉपवर तुमची ताई बसली आहे, आणि घरात आता टेबल एक, यंत्र एक आणि बसणारं माणूस एक असा कायदा झाला आहे. तो कायदा कसा झाला त्याचीच ही कथा.

तुम्ही लॅपटॉप घेऊन आलात तो दिवस आठवा. तुमची ताई वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी शब्दकोडी करते, ती पूर्वी चौकोनी कागदावर आखून टपालानं जायची. नव्या संपादकबाई आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं की कोडं दर गुरुवारी संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर करून मेलनं पाठवा. ताईचं तोंड उतरलं. पण तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात यंत्र बगलेत मारून हजर झालात, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलंत, एक वायर लावलीत, एक माउस लावलात, तिला शिकवलंत आणि निघालात. दारात बूट घालता घालता मला म्हणालात की भावोजी, याला फार काही लावू नका, आहे तसाच राहू द्या. मी मान डोलावली. बूट घालणाऱ्या माणसाच्या प्रत्येक म्हणण्याला मी मान डोलावतो. त्यानं माणूस लवकर बाहेर पडतो.

आता माझी बाजू ऐका. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली हे तुम्हाला ठाऊक आहे, पण पंपघर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही नळ सोडलात की पाणी आलं असे सुखात वाढलेले. आमच्या पंपघरात भिंतीवर तांबड्या रंगात एकच ओळ लिहिलेली होती: एक चालू, एक राखीव. पंप कायम दोन. एक पाणी ओढतोय, दुसरा शेजारी तयार उभा, वायर जोडलेली, बटण दाबायचा अवकाश. कारण चालू पंप बंद पडला आणि राखीव नसला, तर सकाळच्या वेळी घराघरांत तोंडाला साबण फासलेली माणसं डोळे मिटून नळ चाचपत उभी राहतात. माझ्या पाळीत ती वेळ कधी आली नाही. ते कुणाला कळलंही नाही, आणि तेच बरोबर होतं. आमच्या खात्यात शाबासकी म्हणजे तक्रार न येणं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी मला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. (एकच. राखीव मी घरी येताना विकत आणलं.)

तेव्हापासून या घरात छत्र्या दोन, बॅटऱ्या दोन, किल्ल्यांचे जुडगे दोन, चष्मे दोन आणि कुठे काय ठेवलंय ते टिपायच्या वह्याही दोन. तुमची ताई म्हणते की राखीव नाही अशी या घरात मीच एकटी. असल्या वाक्याला कुठलंही उत्तर दिलं तरी चुकतंच.

तर तुम्ही गेलात, आणि मी त्या लॅपटॉपकडे पाहिलं. बिचारा एकटा. त्यात व्हायरस शिरू नये म्हणून तुम्ही एक रखवालदार बसवून दिला होता, अँटिव्हायरस का काय म्हणतात तो. एकच! तो आजारी पडला तर? त्याचा डोळा लागला तर? मी दुसरा रखवालदार आणून बसवला. मग तुमच्या ताईची कोडी जपून ठेवायला तुम्ही इंटरनेटवर एक कोठार जोडून दिलं होतं, इथे केलेलं काम तिथे आपोआप साठतं ते. मी दुसरं कोठार घेतलं. आणि नुसतं घेतलं नाही, तर डोकं चालवलं: पहिल्या कोठारातलं सगळं दुसऱ्यात जावं आणि दुसऱ्यातलं सगळं पहिल्यात यावं अशी जोडणी केली, म्हणजे कुठलंही बुडालं तरी दुसरं भरलेलं. (त्या दिवशी मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी संध्याकाळी फिरायला गेलो नाही, घरातच येरझाऱ्या घातल्या.) मग राखीव माउस आला, बिनवायरचा. राखीव कीबोर्ड आला. त्यांना जागा पुरेना म्हणून एका भोकाची अनेक भोकं करणारी ती पट्टी आली, आणि ती दगा देईल म्हणून तिच्या शेजारी तशीच दुसरी. छपाईयंत्र पूर्वीचं होतंच, त्याला जोडीदार म्हणून एका ओळखीच्या कचेरीनं टाकून दिलेलं आणखी एक मिळालं, ते छापत नाही पण जोडलेलं असलं की हिरवा दिवा लावतं. टेबलाखाली वायरींचा असा गुंता झाला की केर काढताना झाडू आत गेला तर परत येईना. आणि टेबलावर चौकोनी कागद पसरायला जागा न उरल्यामुळे तुमची ताई आपल्याच टेबलापाशी मांडीवर पाट घेऊन कोडी आखू लागली. मला वाटलं तिला पाट सोयीचा वाटतोय.

मग यंत्र संथ झालं. आधी जरासं. सकाळी चालू करावं, चहा प्यावा, आणि परत यावं तर ते डोळे उघडत असायचं. मग चहाबरोबर अंघोळही बसू लागली. मग अंघोळीनंतर वर्तमानपत्रही, तेही छोट्या जाहिरातींसकट. तुमची ताई एखादं अक्षर टंकायची आणि हात बाजूला ठेवून वाट बघायची. अक्षर सवडीनं पडद्यावर यायचं. दुसरं अक्षर येईपर्यंत तिला पहिलं कशासाठी टंकलं ते आठवेनासं व्हायचं. मधेच आतला पंखा घूं घूं करायला लागायचा. तो आवाज मी ओळखला. मी पेचकस घेतला, त्याचं टोक यंत्राच्या पाठीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. (हसू नका. पंपाच्या आतलं दुखणं असंच ऐकतात, डॉक्टर नळी लावतात ती आमची नक्कल आहे.) निदान केलं की बेअरिंगवर ताण येतोय आणि थरथर फार आहे. थरथर असली की पंपाखाली रबर घालतात. मी लॅपटॉपखाली जाड रबराची गादी घातली, छान कापून, अगदी मापात. लॅपटॉपच्या पोटाला हवा घ्यायला फटी असतात आणि त्या मी अगदी मापात बुजवल्या आहेत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर तो इतका तापायचा की तुमची ताई थंडीत त्यावर हात शेकायची आणि मला वाटायचं तिचा लळा वाढतोय.

इथे आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ कथेत येतात. त्यांना सगळे खात्रीलायक म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य “खात्रीलायक सांगतो” असं सुरू होतं आणि पुढचं सगळं ऐकीव असतं. ते आले, मागे हात बांधून यंत्राभोवती फिरले आणि म्हणाले की खात्रीलायक सांगतो, यात कचरा साठलाय. त्यांनी फुकटात मिळणारा एक सफाईवाला प्रोग्रॅम सुचवला. तो बसवताच त्यानं यंत्रात हजारो दोष असल्याचं तांबड्या अक्षरांत जाहीर केलं. आम्ही ते काढायला सांगितले, त्यानं काढले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच सापडले. इतका कष्टाळू सफाईवाला मी आमच्या खात्यात पाहिला नव्हता. मी त्याच्या जोडीला दुसरा ठेवला.

आणि मग बाण पळायला लागला. पडद्यावरचा तो माउसचा बाण, मेहुणेराव, तुमची ताई काही हात लावत नसताना आपला आपण पळायचा. कधी कोपऱ्यात जाऊन बसायचा, कधी नुसता थरथरायचा. खात्रीलायकांना बोलावलं. ते आले तेव्हा मी त्यांना दाखवायला टेबलाशी वाकलो आणि बाण असा सैरावैरा धावला की ते दोन पावलं मागे सरले आणि खालच्या आवाजात म्हणाले की खात्रीलायक सांगतो, कुणीतरी आत शिरलंय, लांब बसून तुमचं यंत्र चालवतंय. झालं. आम्ही कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. टेबलापाशी कुजबुजून बोलायला लागलो. तुमची ताई उत्तरं डाव्या हातानं झाकून उजव्या हातानं टंकू लागली, म्हणजे आधीच गोगलगाय झालेल्या कामाचा आणखी निम्मा वेग गेला. चोराला आमच्या घरातून न्यायला दुसरं काही नव्हतंच. पण पुढच्या रविवारचं ‘आडवे सात’चं उत्तर चोरीला गेलं तर त्याची नुकसानभरपाई कुणाकडे मागायची?

तुमच्या ताईनं मात्र एक गोष्ट टिपली. मी बाजारात गेलो की बाण शांत असतो, आणि मी तपासायला आलो की पळतो. ती मला म्हणाली, “तुम्ही जवळ आलात की तो बिघडतो.” एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं हे वाक्य पुष्कळ वस्तूंबद्दल म्हटलेलं आहे, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. मग ती म्हणाली, “खिसे रिकामे करा बघू.” खिशातून एक छोटा पेचकस निघाला, फ्यूजच्या तारेचं वेटोळं निघालं, राखीव चष्मा निघाला आणि पोटावर तांबडा दिवा पेटलेला राखीव माउस निघाला. राखीव म्हणजे तयारीत हवा, म्हणून तो मी कायम चालू ठेवला होता, आणि लागला की शोधायला नको म्हणून शर्टाच्या खिशात, जिथे मी नोकरीभर फ्यूज ठेवला. मी चाललो की बाण पळायचा आणि मी नुसता श्वास घेतला की तो थरथरायचा. तेव्हा कुणीतरी आत शिरलंय हे खात्रीलायकांचं निदान त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा बरोबर निघालं. तुमची ताई इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मीही हसलो, पण जरा उशिरा.

बाण थांबला, पण संथपणा होता तसाच राहिला. आणि आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही, कारण एका गुरुवारी कोडं वेळेत गेलं नाही. शुक्रवारी संपादकबाईंचा फोन आला. बाई वाईट नाहीत. त्या गोड आवाजात म्हणाल्या की या वेळी निभावून नेलं, पण पुन्हा उशीर झाला तर त्या जागी आम्हाला यंत्रानं केलेली तयार कोडी घ्यावी लागतील, ती स्वस्त असतात आणि वेळेवर असतात. तुमच्या ताईनं फोन ठेवला आणि स्वयंपाकाचा ओटा पुसला. मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मला फार वाईट वाटलं, मेहुणेराव. ते कोडं म्हणजे तिच्या आठवड्याचा कणा आहे. भाजी निवडताना तिच्या ओठांवर शब्द जुळत असतात, रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांची अक्षरं ती मनात उलटी लावते. माझ्या पंपघरानं मला घड्याळ देऊन घरी पाठवलं, त्याला इलाज नव्हता, वय झालं होतं. तिला घरी बसवायला निघालं होतं ते एक टेबलावरचं डबडं. पुढचा गुरुवार चुकवायचा नाही असं मी मनात ठरवलं.

तो गुरुवार आला. सकाळी यंत्र चालू केलं तर पडदा पांढरा आणि मधे ते गोल चक्र, फिरतंय आपलं. दुपार झाली तरी फिरतंय. तुम्हाला फोन केला, तुम्ही मीटिंगमध्ये. तुम्ही दबक्या आवाजात “बंद करून चालू करा” एवढं म्हणालात आणि गायब झालात. (हा सल्ला मी माझ्या हाताखालच्या माणसांना हयातभर देत आलो, तेव्हा त्यात काही नाही हे मला पक्कं माहीत आहे.) मग मात्र मी आत गेलो आणि कपाटातून माझा जुना कामाचा शर्ट काढला. पोटावर जरा ओढला गेला, पण बटणं लागली. पेचकस कानामागे खोवला आणि स्वतःला विचारलं की बाबा, हे पंपघर असतं तर तू काय केलं असतंस? उत्तर सोपं होतं. पाणी कुठे अडतंय ते कळत नसेल तर सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, आणि मग एकेक उघडत जायचं.

टेबलाखाली शिरलो. तिथे दिवसाढवळ्याही काळोख असतो, म्हणून तुमच्या ताईला दोन्ही बॅटऱ्या धरायला लावल्या. मी ओरडत होतो, इकडे धरा, तिकडे नको, इकडे! आणि ती गुडघा विसरून इकडेतिकडे वाकत होती. छपाईयंत्रं सुटली, पट्ट्या सुटल्या, राखीव कीबोर्ड सुटला, रबराची गादी निघाली (त्या क्षणी लॅपटॉपनं सोडलेला उसासा मी स्वतः ऐकला). मग यंत्र बंद करून चालू केलं. (ते तुमच्या सांगण्यावरून नव्हे, कामाच्या ओघात.) चक्र थांबलं, पडदा उजळला, पण चाल अजून मुंगीचीच. तेव्हा, आत कोण किती काम करतंय ते दाखवणारा तक्ता तुम्ही मला एकदा दाखवला होता, तो उघडला. सगळ्यात वर माझे दोन रखवालदार. त्यांच्या खाली माझी दोन कोठारं. त्याखाली दोघे सफाईवाले. आणि अगदी तळाशी, लग्नघरात कोपऱ्यात बसलेल्या गरीब नातेवाइकासारखं, तुमच्या ताईचं कोडं.

आणि मला लख्ख दिसलं हो. पहिला रखवालदार कोड्याची झडती घेतोय, तर दुसरा पहिल्याची झडती घेतोय की हा कोण कोड्याला हात लावणारा. पहिलं कोठार दुसऱ्यात ओततंय आणि दुसरं तेच उपसून पहिल्यात ओततंय. पाणी गोल गोल फिरतंय, दोन्ही पंप जीव तोडून चाललेत, आणि गावात थेंब नाही. पंपघरात हे पहिल्या दिवशीच्या माणसानंही ओळखलं असतं. राखीव पंप तयार असतो, पण मेहुणेराव, तो चालू नसतो. चालू एकच. भिंतीवरची ओळ मी हयातभर वाचली आणि घरी येऊन दोन्ही पंप सुरू करून बसलो.

मग एकेकाला निरोप दिला. सोपं नव्हतं. प्रत्येक जण विचारायचा, खरंच काढणार का, नक्की का, पुन्हा विचार करा. दुसरा रखवालदार तर जाताना का जाताय याची कारणं विचारत बसला, जसा काही तोच मला काढत होता. तुमचा एक रखवालदार आणि तुमचं एक कोठार ठेवलं, माझं सगळं काढलं. यंत्र पुन्हा बंद करून चालू केलं, आणि सवयीनं चहा टाकायला वळलो तर मागून ताईची हाक आली की अहो, झालं चालू! ती टंकत होती आणि अक्षर बोटाबरोबर उमटत होतं. उन्हं कलायच्या आत कोडं मेलनं गेलं. आणि मी खुर्चीतून उठतो न उठतो तोच संपादकबाईंचं उत्तर आलं: ‘पुन्हा मिळालं. धन्यवाद.’ पुन्हा कशाला म्हणाल्या कोण जाणे. दर आठवड्याला मिळतं तसं पुन्हा मिळालं, असं म्हणायचं असेल. कामाच्या माणसांना शब्द निवडायला वेळ नसतो, म्हणून तर त्या कोडी दुसऱ्यांकडून करून घेतात.

रविवारी कोडं छापून आलं. ‘उभे चार’ची खूण अशी होती: पाणी चढवतो आणि घर डोक्यावर घेतो (चार अक्षरी). मला बराच वेळ सुटलं नाही. सुटल्यावर मी तो कागद कापून कपाटाच्या दाराला आतून लावला.

तेव्हा तुम्ही दारात बूट घालताना जे म्हणाला होतात ते मला पटलेलं आहे, आणि हे मी लेखी देतोय. आता टेबलावर एक लॅपटॉप, एक वायर, एक माउस. रखवालदार एक, कोठार एक. लागेल तेवढंच चालू, बाकीचं बंद, आणि संध्याकाळी यंत्रालाही सुट्टी, नुसतं झाकण पाडून झोपवायचं नाही, नीट बंद करायचं. दर रविवारी सगळी कोडी एका पेन ड्राइव्हवर उतरवतो आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवतो. (एकच. शपथ.) चौकोनी कागद पुन्हा टेबलावर पसरले जातात. बाकीचं सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर टाकलंय. खात्रीलायक येऊन बघून गेले आणि म्हणाले की खात्रीलायक सांगतो, एवढ्या थोडक्या सामानावर चालणार नाही. तेव्हा माझी खात्रीच पटली की आता काही बिघडत नाही. साधं ठेवण्यात जे सुख आहे ते मला या वयात कळलं, आणि ज्याला एकदा ते कळलं त्याला दुसरं काही नको असतं.

मुलांना आशीर्वाद. तुमच्या घरच्या मंडळींना नमस्कार सांगा आणि खुर्चीतून मधूनमधून उठत जा.

तुमचे एकुलते एक
भावोजी

ता. क. पोटाचं मनावर घ्या. ताईला दिसत नाही म्हणून ते नाही असं नव्हे.

राखीव ता. क. तुमच्या कचेरीनं नवा दिल्यापासून तुमचा जुना लॅपटॉप कपाटात नुसता पडून आहे असं कानावर आलं. तो इकडे पाठवून द्याल का? लावणार नाही. जोडणार नाही. फक्त ठेवणार. वरच्या कायद्यात त्यानं काही फरक पडत नाही, कारण राखीव तयार असतो पण चालू नसतो, हे मी वर सविस्तर लिहिलंच आहे. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो, बाकीचं ओघात आलं. ताईला यातलं काही बोलू नका. पाकीट बंद करूनच तिच्याकडे पत्ता घालायला देतोय, कारण माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही.

—

अरे बाळ, ताईचे आशीर्वाद. यांनी पाकिटं दोन आणली होती, एक राखीव. त्यामुळे एक फोडून वाचायला मला काही अडचण पडली नाही. तू वाळला आहेस, यांचं ऐकू नकोस, नीट जेवत जा.

कोडं मी बुधवारीच पाठवलं होतं. चौकोनी कागदावर आखलेलं, फोनवर फोटो काढून. बाई भल्या आहेत, त्यांनी स्वतः टंकून घेतलं. गुरुवारचं पोचलं तेव्हा बुधवारच्याच कोड्यावर पान लावून झालेलं होतं, म्हणून ते ‘पुन्हा’. राखीव मीही ठेवते, फक्त खिशात घेऊन फिरत नाही.

यांना सांगणार होते. पण नोकरी सुटल्यापासून हे रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीत बसायचे. कुणीतरी बोलवायला येणार आहे असं बसणं. कुणी येत नव्हतं, आणि ते बघवायचं नाही रे. त्या गुरुवारी कामाचा शर्ट चढवून टेबलाखालून माझ्यावर ओरडले, बॅटरी इकडे धरा म्हणून, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की बॅटरी कुठे धरायची तेच मी विसरले आणि त्याबद्दलही ओरडा खाल्ला. मेल गेल्यावर शीळ वाजवत हात धुतले. कितीतरी दिवसांनी ऐकली ती शीळ. मग पाणी आधीच पोचलंय हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

आता सगळं सुरळीत चालतंय, आणि हे पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागलेत.

तर तो जुना लॅपटॉप पाठव. माझ्या टेबलावर नको, मागच्या खोलीत मी जागा करून ठेवली आहे. मात्र दुरुस्त करून पाठवू नकोस. चांगला चालत असेल तर पाठवायच्या आधी तूच त्यात काहीतरी बिघडवून ठेव, तुला ते येत असेलच. पण फार नको रे. यांना जमलं पाहिजे.

तुझी ताई